हाली काठ, कलदार काठ

अफजलपूरहून आलमेलकडे निघालेल्या बसला वाटेत भीमा लागते. पूल ओलांडायला दोन-तीन मिनिटं पुरतात. मागे राहतो तो कलबुर्गी जिल्हा, पुढे सुरू होतो तो विजापूर. दोन्ही कर्नाटकातच असल्यामुळे नाका नाही, तपासणी नाही. झोपलेला प्रवासी जागासुद्धा होत नाही. हीच नदी पश्चिमेला, वरच्या अंगाला, सोलापूर-विजापूर महामार्गावर टाकळी आणि धूळखेड यांच्या मधून वाहते. तिथे मात्र पूल संपताच राज्य बदलतं. दुकानांच्या पाट्यांची लिपी आणि बसचा रंग बदलतो, पोलिसांची हद्दही वेगळी होते.

१९४८ च्या पावसाळ्यात हे चित्र नेमकं उलटं होतं. टाकळी आणि धूळखेड दोन्ही मुंबई प्रांतात होती, त्यांच्यामधली नदी ही फक्त नदी होती. अफजलपूरच्या काठाला मात्र निजामाचं हैदराबाद राज्य संपत होतं आणि समोरच्या काठाला स्वतंत्र भारत सुरू होत होता. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत भीमेच्या त्या पट्ट्यातली तर, म्हणजे माणसं पार नेणारी नाव, दोन देशांच्या मध्ये चालत होती. १९५६ मध्ये सीमा तिथून उठली आणि वरच्या अंगाला, टाकळी-धूळखेडच्या पट्ट्यात जाऊन बसली. नदीने पात्र बदललं नव्हतं, गावं हलली नव्हती. या सगळ्या उलथापालथीत दोन्ही काठांचं म्हणावं असं एकच काम टिकून राहिलं, ते म्हणजे माणसांना पार करण्याचं. त्या कामाचा इतिहास हा या प्रकरणाचा विषय आहे.

भीमा उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरात. कृष्णेला मिळेपर्यंत तिची लांबी होते ८६१ किलोमीटर. पंढरपूरला ती चंद्रभागा असते. पुढे दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडल इथे सीना तिला मिळते. त्या संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि समोरचा काठ आज कर्नाटकात आहे. त्यानंतर अक्कलकोट, इंडी, अफजलपूर, सिंदगी, जेवरगी असे तालुके मागे टाकत नदी शहाबादी फरशीच्या मुलुखात शिरते आणि शेवटी रायचूरजवळ कृष्णेत संपते.

ही बारमाही भरलेली नदी कधीच नव्हती, आणि तरीचं सगळं गणित त्यावरच बसलेलं होतं. होळीनंतर पाणी ओसरलं की ठिकठिकाणी उतार मिळायचा. माणसं धोतर गुडघ्यावर घेऊन चालत पलीकडे जायची, बैलगाड्या पाण्यातून हाकायच्या. मृग बरसला, सह्याद्रीत पावसाने जोर धरला की चार-पाच दिवसांनी इथे लाल पाणी येई. इथे आभाळ कोरडं असलं तरी नदी भरून येई, कारण तिचा पाऊस पुण्याच्या पश्चिमेला पडलेला असे. मग जूनपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत उतार बंद आणि तर सुरू. नावाड्याचा हंगाम शेतकऱ्याच्या हंगामालाच चिकटलेला होता. पेरणी, खुरपणी, पोळा, दसरा या सगळ्या दिवसांत पलीकडच्या शेतात, बाजारात किंवा सासुरवाडीला जायचं तर नावाड्याच्या हाका ऐकाव्या लागत.

या पात्रावर चालणारी नाव समुद्रावरच्या होडीसारखी नव्हती. ती होती गोल टोकरी. कन्नड माणूस तिला हरिगोलु म्हणतो, तेलुगू मुलुखात तीच पुट्टी. कळकाच्या फोकांची जाळी विणायची, तिला गोलाकार घडवायचं, काठावर जाड कड गुंफायची आणि बाहेरून बैलाचं किंवा म्हशीचं कातडं ताणून शिवायचं. कातडं ओलं राहिलं तर कुजतं, म्हणून काम संपलं की टोकरी काठावर पालथी घालून वाळवायची. पुढे कातड्याची जागा डांबर लावलेल्या किलतानाने घेतली, मग प्लास्टिकच्या कापडाने, आणि अलीकडे फायबरने. आकार मात्र तोच राहिला.

तो टिकण्याला कारण आहे. दख्खनच्या नद्यांच्या तळाशी खडक आहे. पाणी कमी-जास्त होतं तसे ते खडक वर येतात, पुन्हा बुडतात. खोल बुडाची लाकडी नाव अशा पात्रात एकदा घासली की फुटते. टोकरीचं बूड उथळ असतं आणि अंग लवचीक. ती खडकावरून घसरते, दबते, पुन्हा फुगते. फाटलीच तर नावाडी तासाभरात ठिगळ लावतो. तिला शीड नको, सुकाणू नको, लोखंडी खिळा नको. लागणारं सगळं साहित्य गावाच्या शिवेतच मिळतं.

ती चालवणं मात्र सोपं नाही. गोल नावेला पुढचं टोक नसतं. वल्हं बाजूला मारलं की ती जागीच गरगरते. म्हणून नावाडी समोर, जायच्या दिशेच्या कडेला उभा राहतो किंवा बसतो आणि वल्ह्याने पाणी स्वतःकडे ओढतो. पूर असेल तर सरळ पार होण्याचा विचारच नसतो. आधी टोकरी काठाकाठाने बरीच वर न्यायची, मग प्रवाहात सोडायची. पाणी तिला खाली ढकलत राहतं आणि नावाडी पलीकडे ओढत राहतो. दोन्हींचा मेळ बसला तर ती समोरच्या घाटाला लागते. नाही बसला तर फर्लांगभर खाली. तिथून टोकरी डोक्यावर पालथी घेऊन पुन्हा वर चालत यायचं. कोणत्या खडकामागे भोवरा आहे, कुठे पाणी शांत दिसतं पण खाली ओढ आहे, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. ते कोणत्याही नकाशात नव्हतं.

पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएस १५२० च्या सुमारास विजयनगरला आला होता. तुंगभद्रेवर त्याने ह्याच गोल नावा पाहिल्या. आतून वेत, बाहेरून कातडं, पंधरा-वीस माणसांची क्षमता, आणि चालताना सतत फिरत राहण्याची खोड, हे सगळं त्याने नोंदवून ठेवलं आहे. पुढच्या शतकात हिऱ्यांचा व्यापारी ताव्हर्निए कृष्णेकाठी आला, तोही कातड्याने मढवलेल्या टोपल्यांतूनच पार झाला. १८०३ च्या मोहिमेच्या आधी आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, दख्खनच्या नद्या ओलांडण्यासाठी अशाच टोपल्या बनवून घेण्याच्या सूचना लिहिल्या होत्या. युरोपातल्या नावाजलेल्या सेनापतीला इथल्या पावसाळ्यात इथल्याच नावेचा आधार घ्यावा लागला. जगात ही नाव एकटी नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बाबिलोनकडे येणाऱ्या कातड्याच्या गोल नावांचं वर्णन केलं. त्यांत मालाबरोबर एक गाढवही असे. माल विकला की सांगाडा तिथेच मोडीत काढायचा आणि कातडं गाढवावर लादून परत जायचं. वेल्समध्येही लहान गोल नावा अजून दिसतात.

मराठी काठावर टोकरीखेरीज आणखीही युक्त्या होत्या. वाळलेल्या भोपळ्यांची किंवा पालथ्या घागरींची सांगड बांधून माणूस पार होई. उसाच्या मुलुखात गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून तिच्यात बसत. या युक्त्या मात्र एकट्या-दुकट्याच्या. धान्याची पोती, आजारी म्हातारी, वऱ्हाड, किंवा सरकारी डाक न्यायची म्हणजे तरच लागे, आणि तर म्हणजे नावाडी.

नावाडी बहुतेक ठिकाणी कोळी. बारा बलुतेदारांच्या प्रचलित यादीत कोळी येतोच. म्हणजे काठच्या गावातल्या माणसाने दर खेपेला पैसे मोजायचे नव्हते. सुगीला खळ्यावर ज्वारीचं बलुतं घातलं की वर्षभराची तर झाली. रोख द्यायचा तो परगावच्याने. कन्नड बाजूला हेच काम करणारे अंबिगेर, कब्बलिग. आज कलबुर्गी आणि यादगीर जिल्ह्यांत कोळी-कब्बलिग हा मोठा समाज आहे आणि त्यातले बहुतेक जण आता शेती किंवा मजुरी करतात. त्यांना एक मोठा पूर्वज लाभला आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या होते. तुंगभद्रेकाठी नाव वल्हवणारा हा माणूस वचनकार झाला आणि त्याने स्वतःच्या व्यवसायासकट स्वतःचं नावच वचनांची मुद्रा म्हणून वापरलं. बाकीच्या शरणांनी इष्टदेवाचं नाव घातलं, चौडय्यांनी नावाड्याचं. दांभिकांना खडसावणारी त्यांची भाषा आजही बोचते. दर जानेवारीत त्यांची जयंती साजरी होते, तेव्हा भीमाकाठच्या गावांतून मिरवणुका निघतात.

राजेही या काठाला येऊन राहिले. बहमनींची पहिली राजधानी गुलबर्गा. तिथल्या फिरोजशहाने १४०० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेला, भीमेच्या काठावर फिरोजाबाद वसवलं. तीन बाजूंनी तट आणि चौथ्या, पश्चिमेच्या बाजूला नदी. त्याचे पडके दरवाजे आणि हमामखाने शेतांच्या मधे अजून उभे आहेत. हाच फिरोजशहा १३९८ मध्ये विजयनगरवर चालून गेला, तेव्हा कृष्णा दुथडी होती आणि पलीकडे शत्रूची छावणी. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की काझी सिराज नावाचा माणूस नाच्या-गाणाऱ्यांच्या मेळ्यातून पलीकडे गेला, राजपुत्राला भर मैफलीत मारलं आणि त्या गोंधळात सुलतानाचं सैन्य नदी उतरलं. दोन बलाढ्य राज्यांमधली सीमा ती नदी होती, आणि तिच्यावर मात झाली ती रात्रीच्या पार होण्याने.

मराठी वाचकाला भीमेचा आणि बिदरचा संबंध कळतो तो मात्र फिरिश्त्यातून नाही, गुरुचरित्रातून. भीमा-अमरजा संगमावरचं गाणगापूर आज कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात आहे. ज्यांच्या घरी गुरुचरित्राचं पारायण होतं त्या महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांना हे गाव परराज्यात आहे असं वाटतच नाही. त्या ग्रंथात नावेची एक गोष्ट आहे. कृष्णेतल्या कुरवपूरच्या बेटावर श्रीपाद श्रीवल्लभांना रोज नमस्कार करणारा एक परीट होता. एके दिवशी त्याने नदीतून लवाजम्यासह नौकाविहार करणारा यवन राजा पाहिला आणि त्याच्या मनात त्या सुखाची इच्छा आली. श्रीपादांनी ती ओळखली आणि पुढच्या जन्मी तू वैदुरा नगरीचा राजा होशील असा वर दिला. वैदुरा म्हणजे बिदर. पुढे तोच राजा मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन गाणगापूरला येतो, श्रीपादांचाच पुढचा अवतार मानल्या गेलेल्या नृसिंह सरस्वतींना पाहताच त्याला मागचा जन्म आठवतो, आणि स्वामी त्याच्या नगरीतल्या पापविनाशी तीर्थावर जातात. बिदरमध्ये पापनाश हे शिवस्थान आहे. परीट आणि सुलतान, कृष्णा आणि भीमा, कुरवपूर, गाणगापूर आणि बिदर या सगळ्यांना एका कथेत गुंफणारा हा ग्रंथ मराठीत लिहिला गेला, आणि त्याचा भूगोल मुख्यतः आजच्या कर्नाटकात आहे. सीमाभागाबद्दल बोलताना ही गोष्ट जितक्या वेळा आठवायला हवी तितकी आठवली जात नाही.

आदिलशाहीच्या भरात भीमेचे दोन्ही काठ विजापूरचे होते. ती हद्द झाली फार पुढे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. सोलापूर इंग्रजांकडे आलं, विजापूरकडचा मुलूख साताऱ्याच्या छत्रपतींना मिळाला आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर तोही इंग्रजांकडे गेला. अक्कलकोटला भोसल्यांचं छोटं संस्थान राहिलं. उत्तरेला आणि पूर्वेला निजाम. अशा रीतीने इंडी-सिंदगीच्या समोरची भीमा दोन सरकारांच्या मधली रेषा झाली. रेषा कागदावर आखली गेली आणि माणसांना ती कळली ती तरीवर.

इंग्रजी काठावर १८६८ चा मुंबई सरकारचा तरींविषयीचा कायदा आला. सार्वजनिक तर म्हणजे सरकारची मालमत्ता. तिचा मक्ता लिलावाने द्यायचा, माणसाला किती, जनावराला किती, गाडीला किती हे दर सरकारने ठरवायचे. बलुत्यावर चालणारं नातं आता मक्त्यावर आलं. मक्ता घेणारा नेहमी कोळीच असेल असं नव्हतं. पैसेवाला बोली लावी आणि वल्हं मारणारा त्याचा नोकर होई. या बदलाने नावाड्याची जी पत गेली ती पुन्हा आली नाही, आणि तरीच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी हानी म्हणावी लागेल.

समोरच्या काठावर दुसरंच जग होतं. कलेक्टरच्या जागी अव्वल तालुकदार आणि कचेरीची भाषा उर्दू. सन फसली: इकडे १९४८ तर तिकडे १३५७. आणि करोडगिरी, म्हणजे निजामाचं जकात खातं. १८०२ च्या तहापासून इंग्रजी मुलूख आणि निजामाचा मुलूख यांच्यात जाणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात ठरलेली होती आणि ती विसाव्या शतकातही हैदराबादच्या उत्पन्नाचा मोठा आधार होती. कापसाचं बोचकं, लुगड्यांचं गाठोडं, गुळाची ढेप, सगळ्याला नाका. सोलापूरच्या मागावरचं लुगडं अफजलपूरच्या बाजारात जायचं तर नदीनंतर हा दुसरा पूर ओलांडावा लागे.

त्याहून रोज भिडणारी अडचण पैशाची. निजामाचं नाणं हाली सिक्का, इंग्रजांचं कलदार. कलदार शंभर रुपयांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. म्हणजे सहा कलदार बरोबर सात हाली. बाजारात बसलेल्या बाईला, गुरं विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशोब तोंडपाठ असावा लागे. शाळेत न गेलेली माणसं तो बोटांवर करत. दोन्ही काठांना एकच ज्वारी, एकच काळी माती, सोयरीक इकडची तिकडे, भाषा दोन्हीकडे कन्नड, मराठी आणि दख्खनी यांची सरमिसळ. वेगळी होती ती खिशातली नाणी. रुपयाने रुपयाला परकं केलं होतं.

रेल्वेने या तरींचा मोठा ग्राहक काढून घेतला. १८७१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग सोलापूर, गुलबर्गा करत रायचूरला पोचला आणि तिथे मद्रासकडून आलेल्या मार्गाला जोडला गेला. मुंबई-पुण्याचा दत्तभक्त आता गाणगापूर रोडला उतरू लागला. १८८४ मध्ये होटगीहून विजापूरकडे गाडी निघाली, ती भीमेवरच्या पुलावरून. लांबचा प्रवासी आणि लांबचा माल असा निघून गेला. तरीवर उरले ते काठचेच लोक. विजापूरकडून गाणगापूरच्या पौर्णिमेला किंवा घत्तरगीच्या भाग्यवंतीच्या जत्रेला येणारे, बाजारकरी, मेंढपाळ, माहेरवाशिणी. रेल्वेच्या नकाशात या माणसांना जागा नव्हती, आणि नेमकी हीच माणसं नदीवर सर्वाधिक अवलंबून होती.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने जाहीर केलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद कोणत्याच देशात सामील होणार नाही. १५ ऑगस्टला भीमेच्या दक्षिण काठावर तिरंगा चढला, उत्तर काठावर तो लावणं हा गुन्हा ठरला. २९ नोव्हेंबरला जैसे थे करार झाला, पण लगोलग हैदराबाद सरकारने भारतीय चलन व्यवहारातून बाद करणारा हुकूम काढला. पिढ्यान्‌पिढ्या सहाला सात असा जो सौदा तरीवर होत होता, तो एका फर्मानाने बेकायदा झाला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जोर वाढला तशी गुलबर्गा, बिदर, उस्मानाबाद जिल्ह्यांतली कुटुंबं सोलापूर, बार्शी आणि विजापूरच्या बाजूला पळू लागली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला मे १९४८ मध्ये सुमारे दोनशे माणसं मारली गेली. नदीकाठच्या गावांना पळायची वाट एकच होती, पाण्यातून. उन्हाळ्यात उतार होता. जूननंतर जीव नावाड्याच्या हातात.

हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म सिंदगीचा, म्हणजे भीमेच्या अलीकडच्या, इंग्रजी काठाच्या तालुक्यातला. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचं सगळं आयुष्य पलीकडच्या मुलुखासाठी गेलं. सीमेलगत कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या, सोलापूर हे त्यांचं मोठं केंद्र.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य निघालं ते मात्र भीमा ओलांडून नव्हे. मुख्य फळी सोलापूर-हैदराबाद रस्त्याने नळदुर्गवर गेली. सप्टेंबरात नद्या भरलेल्या असतात आणि रणगाडे टोकरीत बसत नाहीत. सगळी मदार बोरी नदीवरच्या पुलावर होती. वेगाने आणि अचानक हालचाल करून सातव्या ब्रिगेडने तो पूल शाबूत ताब्यात घेतला. बोरी ही भीमेचीच उपनदी. तिथून उमरगा आणि बिदर जिल्ह्यातलं राजेश्वर असा रस्ता मोकळा होत गेला. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल चौधरी लष्करी प्रशासक झाले. भीमेवरची आंतरराष्ट्रीय सीमा संपली. हाली सिक्का मात्र काही वर्षं हातात फिरत राहिला, १९५९ मध्ये तो पुरता बाद झाला.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. भाषावार प्रांतरचनेत गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, मुंबई राज्यातलं विजापूरही म्हैसूरमध्ये गेलं. अफजलपूर आणि सिंदगी एका राज्यात आली, त्यांच्यामधली रेषा पुसली गेली. पण सोलापूर मुंबई राज्यातच राहिलं, म्हणून सोलापूर आणि इंडी यांच्यामध्ये, जिथे शंभर वर्षं रेषा नव्हती तिथे, ती आली. बिदरचे तर तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात, जहिराबादकडचा भाग आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याणसह मूळ बिदर म्हैसुरात. मांजरा नदी तोवर निजामाच्या घरचीच होती. दोन्ही काठ एकाच राज्याचे. १९५६ नंतर तिच्याही एका पट्ट्यात राज्यसीमा शिरली. भालकी-औरादच्या मराठी भाषकांना आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या कन्नड भाषकांना आपापली भाषा पलीकडच्या काठाला सापडली. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल दोन्ही राज्यांना मिळून मान्य झाला नाही आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

नव्या सीमेने नावाड्यांच्या वारसांना एक वेगळाच त्रास दिला. महाराष्ट्रात महादेव कोळी अनुसूचित जमातीत आहेत. कर्नाटकात कोळी, कब्बलिग, अंबिगेर मागास प्रवर्गात आहेत आणि अनुसूचित जमातीत घेण्याची त्यांची मागणी जुनी आहे. एकाच नदीवर वल्हं मारलेल्या, एकमेकांत सोयरीक असलेल्या घरांतल्या मुलांना दोन काठांवर दोन वेगळे दाखले मिळतात.

तर मात्र या राज्यसीमेने बुडवली नाही. ती बुडवली पुलांनी, आणि त्याहून जास्त बंधाऱ्यांनी. १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि खालच्या भीमेचा स्वभाव बदलला. जूनमध्ये येणारं लाल पाणी आता उजनी भरल्यावरच येतं, आणि उन्हाळ्यात कोरडं राहणारं पात्र धरणातून सोडलेल्या पाण्याने ओलं होतं. सोलापूर शहरासाठीही टाकळीच्या परिसरातल्या औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांत पाणी साठवलं जाऊ लागलं. सोलापूर आणि इंडी तालुक्यांच्या मध्ये, थेट सीमारेषेवर, कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले. अक्कलकोट तालुक्यात हिळ्ळीचा बंधारा आहे, पलीकडे अफजलपूर तालुक्यात सोन्न इथला बराज. या बंधाऱ्यांवरून माणूस चालत जातो, मोटारसायकल जाते. जिथे तर चालत होती तिथेच पुष्कळदा बंधारा आला. आता भांडण पार होण्याचं नाही, पाण्याचं आहे: बंधाऱ्याच्या फळ्या, म्हणजे बर्गे, कोणी काढले, कधी घातले, कोणाच्या मोटारी किती तास चालल्या.

नाके मात्र पुन्हा पुन्हा उगवतात. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके बंद झाले. २०२१ च्या सुरुवातीला कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोरोना नसल्याचा चाचणी अहवाल सक्तीचा केला आणि धूळखेडसारख्या ठिकाणी पुन्हा तंबू उभे राहिले. ज्याचं शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, त्याला रोजचा प्रश्न पडला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, उजनीतून आणि सीना-बोरीच्या खोऱ्यांतून आलेल्या पाण्याने घत्तरगी आणि गाणगापूरचे पूल बुडाले, अफजलपूर-जेवरगीची गावं वेढली गेली आणि लोकांना बाहेर काढायला बचाव दलांच्या रबरी नावा आणाव्या लागल्या.

सीमेवरची जिवंत तर पाहायची असेल तर आज भीमा सोडून कृष्णेकडे जावं लागतं. कुरवपूर हे रायचूर जिल्ह्यातलं बेट आहे. एका काठाला कर्नाटकातलं आतकूर, दुसऱ्या काठाला तेलंगणातलं पंचदेव पहाड. निजामाच्या काळात दोन्ही काठ त्याचेच होते, इथली राज्यसीमा १९५६ ची. महाराष्ट्रातून येणारे दत्तभक्त कुरवपूरला टोकरीतून किंवा यांत्रिक होडीतून पोचतात. बसायचं कसं, उठायचं केव्हा हे नावाडी मोडक्या मराठीत सांगतात, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांत मराठी माणूस मोठ्या संख्येने असतो. तीन भाषांमधला हा व्यवहार कोणत्याही सीमा आयोगासमोर पुरावा म्हणून गेलेला नाही.

भीमेवरच्या तरींचा कागद दोन ठिकाणी विखुरला आहे. मुंबई सरकारच्या बाजूचे कागद इंग्रजीत आणि मराठीत, मुंबई आणि पुण्याच्या दफ्तरखान्यांत. निजामाच्या बाजूचे उर्दूत, त्याआधीचे फारसीत, हैदराबादच्या तारनाका इथल्या अभिलेखागारात, जे आता तेलंगणाचं आहे. नदी ज्या कर्नाटकातून वाहते तिथल्या संशोधकाला एका काठासाठी महाराष्ट्रात आणि दुसऱ्या काठासाठी तेलंगणात जावं लागतं. कागदावर न आलेलं बाकीचं सगळं, म्हणजे कोणता घाट कोणाचा, कोणत्या खडकामागे भोवरा, पुरात टोकरी कुठून सोडायची, हे ज्यांनी शेवटची वल्ही मारली त्या म्हाताऱ्यांकडे आहे. इंडी, अफजलपूर, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या चार तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी मनावर घेतलं तर घाटांची ही यादी काही वर्षांत उतरवून होईल. त्यासाठी मराठी, कन्नड आणि दख्खनी अशा तिन्ही भाषा जाणणारी मुलं लागतील, आणि ती या काठांवर घरोघर आहेत.